एकट्याची साथ: लूपर की तयार ट्रॅक?

बेळगावात गणपतीच्या मांडवात एकट्याने गायचं म्हटलं की मोबाईलवरचा तयार ट्रॅक आलाच. ढोलकी, बासरी सगळं आयतं मिळतं. पण श्रोत्यांनी एखाद्या ओळीला दाद दिली, ती पुन्हा घ्यावीशी वाटली, तर ट्रॅक थांबत नाही.

लूपर म्हणजे आपण वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे टिपून पुन्हा पुन्हा वाजवणारं पायाचं पेडल. त्याची ताकद मला गायिका केटी टन्स्टलमुळे कळली. बीबीसीवरचं तिचं २००४ सालचं सादरीकरण जरूर बघा. ती पायाने पेडल दाबते, गिटारच्या लाकडावर थाप मारते, पुन्हा दाबते आणि थाप फिरू लागते. त्यावर तिच्याच आवाजाचे थर चढतात. सगळं आपल्यासमोर घडतं! पेडल मात्र अचूक समेवरच दाबावं लागतं. जरा पाय चुकला की चूक प्रत्येक आवर्तनात ऐकू येते.

मुखडा-अंतऱ्याचे कॉर्ड वेगळे असतील तर एका लूपच्या साध्या पेडलवर अडचण होते, तिथे ट्रॅकच बरा. गोंगाटाच्या मांडवातही तोच. पण टिळकवाडीत पन्नासेक कान देऊन ऐकणारे जमले, तर मी डोळे मिटून लूपर निवडेन. आपल्या खानापूरकडच्या भजनातला गजर, एकच ओळ चढत जाणारी, त्यावर फार शोभेल. कुणीतरी करून बघाच.