काळ्याच्या खुब्यांवर लेसर : सहा सिटिंगनंतरचा अभिप्राय

आमचा काळ्या हा अकरा वर्षांचा, सदतीस किलो वजनाचा काळा लॅब्राडोर. गेल्या हिवाळ्यापासून शहाबादी फरशीवरून उठताना त्याचे मागचे पाय फाकत असत. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले. वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडला होता, परंतु रक्ततपासणीत मूत्रपिंडांवर ताण आढळल्याने त्या कमी कराव्या लागल्या आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी पशुचिकित्सालयात लेसर उपचार घेण्याचे ठरवले. जालन्याहून जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, तीन आठवड्यांत सहा सिटिंग आणि प्रत्येक सिटिंगचे सातशे रुपये, असा हा व्याप होता.

हा लेसर कापणारा नव्हे. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिकांमध्ये शोषला जातो, पेशींची ऊर्जानिर्मिती वाढते आणि त्यामुळे सूज व वेदना उतरण्यास मदत होते, असे त्यामागचे तत्त्व सांगितले जाते. 1960 च्या दशकात हंगेरीतील एन्द्रे मेस्टर यांना, भादरलेल्या उंदरांवर असा प्रकाश टाकल्यावर केस लवकर उगवल्याचे आढळले आणि तेथून या उपचाराला वाट मिळाली. आमच्याकडे मात्र केसच आडवे आले. काळे केस प्रकाश जास्त शोषून तापतात. पहिल्याच सिटिंगमध्ये सहायकाने हँडपीस एका जागी धरून ठेवला, तेव्हा काळ्याने कळवळून मान मागे फिरवली. डॉक्टरांनी लगेच शक्ती कमी करून हँडपीस सतत फिरवत ठेवायला सांगितले हे खरे, पण काळे कुत्रे समोर उभे असताना ही खबरदारी आधीच घ्यायला हवी होती.

बाकी शिस्त चांगली होती. आम्हा सर्वांना संरक्षक चष्मे दिले, काळ्याचे डोळे कापडाने झाकले, आणि कर्करोगाच्या गाठीवर हे किरण देत नसल्याने उपचारापूर्वी त्याचे सारे अंग बोटांनी चाचपून पाहिले.

चौथ्या सिटिंगनंतरच्या सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येताच काळ्या स्वतःहून उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. याचे सगळे श्रेय लेसरला देणे मला पटत नाही, कारण त्याच काळात आम्ही फरशीवर सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्याचे वजन दोन किलोंनी उतरवले होते. तेथील भिंतीवरचा ‘सांधेदुखी मुळापासून बरी’ हा फलक तर काढूनच टाकावा. झिजलेली कूर्चा प्रकाशाने परत येत नाही. मात्र ज्या जनावराला गोळ्या झेपत नाहीत, त्याच्यासाठी जोड-उपचार म्हणून मी हा खर्च पुन्हा करीन.

सध्या महिन्याला एक सिटिंग चालू आहे. उन्हाळ्यात मी सकाळची पहिली वेळ मागून घेतो, कारण प्रतीक्षा कक्षात एकच पंखा आहे आणि त्याचे तोंड पावत्या फाडणाऱ्याच्या टेबलाकडे असते.