अलास्का क्रूझसाठी घेतलेले कपडे: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. गेल्या जूनमध्ये अलास्काच्या क्रूझसाठी आम्ही जी कपडेखरेदी केली, तिच्यातलं पावसाचं पातळ जर्किन पैसे वसूल करून वर व्याज देतंय. फ्लीसचं, म्हणजे मऊ केसाळ कृत्रिम कापडाचं, स्वेटर थंडीभर रोजच्या वापरात आहे. थर्मल, म्हणजे अंगालगत घालायचे उबदार कपडे, ठीक. मेरिनो लोकरीचा टी-शर्ट माझा सगळ्यात लाडका, पण जपावा लागतो. आणि ज्याला सगळ्यात जास्त पैसे पडले, ते पिसांचं फुगीर जाकीट कपाटात नुसतं लटकलंय.

ब्रँडची नावं देत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, नावात अडकून बसण्यात अर्थ नाही. लेबलवर काय वाचायचं ते सांगते, म्हणजे कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

आमची लेक आणि जावई सिॲटलला असतात. क्रूझ तिथूनच सुटणारी, आठवड्याची: जूनो, स्कॅगवे, केचिकन आणि परतीच्या वाटेवर कॅनडातलं व्हिक्टोरिया. नाशिकहून आम्ही दोघं आणि सासूबाई, वय पंचाहत्तरच्या पुढे. बॅगा भरल्या मे महिन्यात. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, पंखा फुल्ल, आणि पलंगावर लोकरीचे कपडे पसरलेले. त्या उकाड्यात स्वेटरला हात लावायची इच्छा होत नाही, आणि क्रूझच्या सामानाची खरी गोम इथेच आहे. घामाघूम माणूस थंडीचा अंदाज बांधत असतो.

त्यात आकडेही दिशाभूल करतात. जूनोचं जूनमधलं दिवसाचं तापमान सरासरी सोळा-सतरा अंशांपर्यंत चढतं, पहाटे आठ-नऊ असतं. हे वाचून नाशिकच्या माणसाला हसू येतं. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातोच, निफाडला तर पाचच्याही खाली जातो. तरी लोक एका स्वेटरवर दूध आणायला बाहेर पडतात. पण आपल्या थंडीत सकाळी दहाला ऊन चढतं आणि स्वेटर खांद्यावर येतं. तिथे दिवसभर चढून चढून सोळा, तेही ढग फाटले तर. वर हवा ओली.

आणि वारा. जहाज वीस नॉटने चाललं की हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर ताशी सदतीस किलोमीटरचा वारा लागतोच. दहा अंशांच्या हवेत एवढा वारा उघड्या चेहऱ्यावर घेतला तर तो सहा अंशांसारखा लागतो. समोरून खरा वारा आला तर त्यात आणखी भर. जानेवारीत पहाटे गंगापूर रोडने दुचाकीवर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून या सगळ्या खरेदीत माझ्या मते एकच वस्तू अशी आहे जिच्यावर हात सैल सोडावा: वारा आणि पाणी अडवणारं वरचं जर्किन. बाकी थर घरातल्या कपड्यांतूनही जमतात.

जर्किन घेताना लेबलवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर तो किती उंच झाल्यावर थेंब आत यायला लागतो, त्याचं ते माप. दोन हजारवालं जर्किन भुरभुर पावसापुरतं. मी दहा हजारवालं घेतलं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, जर्किन उलटं करून शिवणी बघा. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरू शकतं, म्हणून चांगल्या जर्किनला सगळ्या शिवणींवर आतून टेप चिकटवलेली असते. काहींना ती फक्त खांद्यांवर असते आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही. टोपीला पुढे कडक झाप हवी, मागून आवळायची दोरी हवी, नाहीतर वाऱ्यात टोपी मागे जाते आणि आपण एका हाताने ती धरून फोटो काढत बसतो. मापाने एक नंबर मोठं घ्या, आत फ्लीस मावलं पाहिजे. लांबी कमरेखाली असावी.

केचिकनला याची परीक्षा झाली. तिथे वर्षाला ३,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहराचा हाच आकडा ७००च्या घरात आहे, म्हणजे आपल्याला तुलनेला इगतपुरीच घ्यावी लागेल. पण इगतपुरीसारखा तो कोसळत नाही, दिवसभर चिवटपणे पडत राहतो. छत्र्या उलट्या होत होत्या. बंदरावरच्या दुकानांत जाकिटांचे ढीग लावलेले होते आणि जहाजातून उतरलेली माणसं ते उपसत होती. आम्ही लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या क्रीक स्ट्रीटवर निवांत फिरलो. आतला फ्लीस कोरडा होता, जीन्स घातलेले जावई मात्र मांड्यांपर्यंत भिजले. जीन्स तिथे वाळतही नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब खातं. पावसाची पातळ पँट जर्किनच्या चौथ्या हिश्श्याच्या किमतीत येते, ती घ्याच.

दुसरी परीक्षा एंडिकॉट आर्ममध्ये. हा समुद्राचा डोंगरांत शिरलेला लांब चिंचोळा फाटा आहे, त्याच्या टोकाला डॉज हिमनदी. जहाज बर्फाच्या लाद्यांमधून हळूहळू आत जातं आणि मग जागच्या जागी गोल फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना हिमनदी दिसते. वेग नसल्यामुळे वारा कमी असेल असं वाटतं, पण बर्फावरून उतरणारी जड गार हवा थेट तोंडावर येते. आपण फिरत नसतो, कठड्याला धरून तास-तासभर उभे असतो. इथे थर्मल, मेरिनो, फ्लीस आणि जर्किन असे चारही थर अंगावर होते आणि चारही लागले. शिवाय कानटोपी आणि हातमोजे. हातमोजे मोबाइलचा पडदा चालणारे घ्या, नाहीतर ते काढण्या-घालण्यातच निम्मा वेळ जातो.

पिसांच्या जाकिटाबद्दल. ते यांनी हट्टाने घेतलं, ‘अलास्काला जायचं म्हणजे असलंच जाकीट पाहिजे’ म्हणून. ऊब उत्तम, वजन नाही, दाबलं की छोट्या पिशवीत मावतं, या तिन्ही गोष्टी खऱ्या. पण पिसं ओली झाली की एकमेकांना चिकटतात, हवा धरत नाहीत आणि ऊब संपते. म्हणजे त्या ओल्या प्रदेशात ते नेहमी जर्किनच्या आतच घालावं लागलं, आणि फ्लीसवर तेही चढवलं की माणसाला हात खाली करता येत नाहीत. परत आल्यावर एका लॉन्ड्रीत धुवायला दिलं, तर पिसांच्या गाठी होऊन परत आलं. असल्या जाकिटाला ड्रायरमध्ये टेनिसच्या चेंडूंबरोबर फिरवून मोकळं करावं लागतं, आणि ड्रायर आपल्याकडे किती घरांत असतो? मी गच्चीवर सावलीत पसरून, दर थोड्या वेळाने झटकून झटकून वाळवलं, त्यात कितीतरी दिवस गेले. शिवणीतून अधूनमधून बारीक पीस बाहेर येतं ते वेगळंच. नाशिकच्या थंडीत हे जाकीट घालून दहा मिनिटं चाललं की घाम फुटतो. फुगीर जाकीट हवंच असेल तर कृत्रिम भरणाचं घ्या. थोडं जड असतं, पण भिजलं तरी बरीच ऊब राहते आणि घरच्या मशीनमध्ये धुता येतं.

आता साडी, कारण हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नव्हतं. सासूबाई पँट घालणार नाहीत, ड्रेसही नाही, हे ठरलेलं होतं. मी स्वेटरवर स्वेटर काढून ठेवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, वारा शिरतो कुठून ते आधी बघ, स्वेटर नंतर दे.” अगदी बरोबर. साडीत वारा खालून शिरतो, पोटाशी शिरतो आणि गळ्याशी शिरतो. म्हणून परकराच्या आत थर्मलची लेगिंग, पायात लोकरी मोजे आणि जाड तळव्याचे बूट. ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचं, उंच गळ्याचं मरून थर्मल, ते तीन साड्यांवर चाललं. साड्या सगळ्या जॉर्जेटच्या, एकही सुती नाही. नेसताना काठ बोटभर वर घेतलेला, कारण बंदरावर सगळीकडे पाणी. पदर कमरेला खोचून वर फ्लीस, त्यावर जर्किन. जूनोला देवमासे बघायच्या बोटीवर त्या आमच्या सगळ्यांच्या आधी वरच्या उघड्या डेकवर जाऊन बसल्या. हे कुबड असलेले देवमासे हिवाळा हवाईला काढून उन्हाळ्यात इकडे चरायला येतात. बोट वेगात निघाली की भलेभले आत पळतात, सासूबाई शेवटपर्यंत वर होत्या.

स्कॅगवेच्या डोंगरी रेल्वेतही तेच. ही गाडी समुद्रसपाटीपासून व्हाइट पासच्या ८७३ मीटर उंचीपर्यंत वीसेक मैलांत चढते. कसाऱ्याच्या घाटाची सवय असलेल्यांनाही तिथे खाली बघवत नाही. डब्यात हीटर असतो, पण खरी मजा डब्यांच्या टोकाला असलेल्या उघड्या फलाटावर उभं राहण्यात आहे. तिथे कानटोपी विसरू नये.

जहाजाच्या आतलं हवामान वेगळंच असतं. केबिन उबदार, नाट्यगृहात एसी कडक. नटूनथटून जेवायला जायची एक संध्याकाळ असते, तेव्हा मी येवल्याची पैठणी नेसले. रेशीम मुळात उबदार, आत थर्मल कुणाला दिसत नाही. एक शाल जवळ असू द्या. इस्त्री मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती केबिनमध्ये चालत नाही आणि बॅगेतून काढून घेतात.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. चढताना मोठ्या बॅगा हमालांकडे जातात आणि केबिनशी पोचायला कित्येक तास लागतात, तेव्हा जर्किन आणि टोपी हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर जहाज बंदर सोडतं तो देखावा बघायला वर जाता आणि कुडकुडत परत येता. उतरायच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आधी बाजूला काढा. आमच्या शेजारच्या केबिनमधले एक गृहस्थ सकाळी नाश्त्याला नाइट ड्रेसवर जर्किन घालून आले होते.

परत आल्यानंतरचा वापर. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला मी तेच जर्किन नेलं. पाणी आत आलं नाही, पण घामाने आतून भिजले. अलास्काच्या दहा अंशांत हे जाणवलंच नव्हतं. आपल्या पावसाळ्यातल्या चोवीस-पंचवीस अंशांत चढ चढताना कुठलंही जर्किन एवढी वाफ बाहेर टाकू शकत नाही. काखेत चेन असलेलं मिळालं तर तेच घ्या, माझ्याला नाही. पावसाळा संपता संपता कापडावरून थेंब ओघळून जायचे थांबले आणि वरचं कापड ओलं दिसायला लागलं. आतलं आवरण ठीक असतं, फक्त वरचा थर थकतो. साध्या पाण्यात धुऊन, वाळवून, वर पातळ फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली, बरंचसं पूर्ववत झालं. लेबलवर इस्त्रीची खूण आहे ना ते आधी पाहा. कपडे मऊ करणारं द्रावण यावर कधीही वापरू नका.

मेरिनो टी-शर्टचं कौतुक असं की लोकर असून टोचत नाही आणि सलग घातला तरी वास येत नाही. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पिऊनही तो अंगाला ओला लागत नाही. पण पावसाळ्यात कपाटात कसर लागली आणि बाहीला दोन भोकं पडली. आता हवाबंद पिशवीत, कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवते. थर्मलच्या कमरेचं इलॅस्टिक सैल पडलं, ते बदलून घेतलं. फ्लीसला कोपरांवर गोळे धरलेत, दिसायला जुनाट झालाय, ऊब तेवढीच. डिसेंबरात निफाडला लॉनवरच्या लग्नाला तोच शालूवर घालून गेले. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ आली होती आणि पुरुषमंडळी सुटाबुटात काकडत होती.

पाणी न शिरणाऱ्या बुटांचं एवढंच, की वरून पाणी गेलं तर ते बाहेरही येत नाही. अलास्कात छान, त्र्यंबकच्या ओढ्यांत निरुपयोगी.

खरेदी कधी करावी हे महत्त्वाचं. मे महिन्यात नाशिकच्या दुकानांत लोकरीचं काही धड मिळत नाही. तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं थंडीत लागतात. जानेवारी अखेरीस भाव उतरतात, तेव्हाच फ्लीस, थर्मल, टोप्या घेऊन ठेवाव्यात. जर्किन मात्र जूनच्या तोंडावर घ्या, तेव्हा भरपूर प्रकार बघायला मिळतात. मेचं तिकीट असेल तर त्या भागात पाऊस तुलनेने कमी आणि थंडी थोडी जास्त असते, फ्लीस जाड घ्या. सप्टेंबरचं असेल तर पाऊस वाढलेला असतो, पावसाच्या पँटी माणशी दोन घ्या आणि पिसांच्या जाकिटाचे पैसे देवमाशांच्या बोटीवर घाला.