‘करण्यात येईल’ की ‘मी करतो’?

चार जणांनी वाचायचा मजकूर लिहायला बसलं की हे दोन पर्याय समोर येतातच. बरीच वर्षं मी पहिला वापरला, आता बहुधा दुसरा वापरतो.

‘करण्यात येईल’ला उगाच नावं ठेवू नयेत. माणूस बदलला तरी खुर्ची राहते अशा ठिकाणी, नियमात किंवा जाहीर सूचनेत, ते शोभतं. ‘मुदतीनंतर अर्ज स्वीकारले जाणार नाहीत’ हे वाचणाऱ्याला खिडकीमागे कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

काही जण सगळा दोष कर्मणी प्रयोगावर ढकलतात, ते मला तितकंसं पटत नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हाही कर्मणीच. क्रियापद चिठ्ठीच्या लिंगावर जातं, पण ‘मी’ जागेवर असतो. ‘चिठ्ठी लिहिण्यात आली’ म्हटलं की तो गायब. ‘अमक्यातर्फे’ लावून त्याला परत आणता येतं, पण लावतं कोण? तशी ही सवय जुनीच म्हणा. लहानपणी कुणी ‘कप फोडला’ म्हणत नाही, ‘कप फुटला’ म्हणतं.

माझं मत फिरलं ते एका बैठकीच्या टिपणामुळे. ‘सभासदांची यादी तपासण्यात येईल व सर्वांना कळवण्यात येईल,’ असं मीच लिहिलं होतं. वाचून चौघांनीही माना डोलावल्या. पुढच्या बैठकीला यादी होती तशीच. मला वाटलं होतं चौघांतली एक जण करेल, तिला वाटलं दुसरा एक जण करेल. आणि तो म्हणाला, ‘तपासण्यात येईल असं लिहिलंय, म्हणजे कुणीतरी घेतलं असेल ना!’ भांडायचं तरी कुणाशी? वाक्यात माणूसच नव्हता.

‘मी करतो’ला अडचणी नाहीत असं नाही. एक तर आपण सापडतो. दुसऱ्याला काम सांगताना ‘तुम्ही करा’ जरा अंगावर येतं, वडीलधाऱ्यांना तर नकोच. तिथे ‘तुम्ही बघाल का?’ चालून जातं. आणि ‘करतो’च्या आधी ‘लवकरच’ लावलं की सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी टिपण बदललं: ‘यादी मी तपासतो, गुरुवारी कळवतो.’ गुरुवारी सकाळीच दोघांचे फोन आले. यादी अर्धीच झाली होती.