लेखकाची ओळख: दोन ओळी की पूर्ण पान?

गेल्या आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आईने मोबाइल माझ्यापुढे धरला. "उपवास असला तर मधुमेहाची गोळी घ्यायची नाही, असं लिहिलंय बघ." लेखाखाली नाव होतं फक्त 'आरोग्य टीम'. त्यावर बोट ठेवलं, तर काहीच उघडेना. शेवटी कोथरूडच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी कुठली त्यावर ठरतं, परस्पर काही बंद करू नका.

म्हणून तुम्ही मराठी लेख ऑनलाइन प्रसिद्ध करत असाल, तर लेखकाची ओळख किती द्यायची हे आधी ठरवा.

दोन ओळींची ओळख पाच मिनिटांत होते. "पुण्यात वास्तव्य. वाचन आणि ट्रेकिंगची आवड." कविता, सिंहगडाची भटकंती, पाककृती यांना एवढं पुरतं. थालीपीठ जमलं की नाही, हे वाचकाला तव्यावरच कळतं. टोपणनावाने लिहिण्याची तर आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

पूर्ण पानाचं काम वेगळं. "आहारतज्ज्ञ. बारा वर्षं मधुमेही रुग्णांसोबत काम. हा लेख एमडी डॉक्टरांनी तपासला", आणि पुढे त्या डॉक्टरांचं नाव, तपासल्याची तारीख. यातली प्रत्येक गोष्ट वाचकाला पडताळता येते. डॉक्टर असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक द्या, गुंतवणूक सल्लागार असतील तर सेबीचा. सत्कारातला शाल-श्रीफळाचा फोटो आणि पुरस्कारांची यादी मात्र इथे काहीच सिद्ध करत नाही. त्यापेक्षा विम्यावर लिहिणारा स्वतः विमा विकत असेल, तर ती एक ओळ जास्त मोलाची. मला वाटतं, ती ओळ लिहायची तयारी असेल तरच पूर्ण पानाच्या वाटेला जावं.

गूगलने शोधनिकाल तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला 'अनुभव' हाही निकष घातला. पण नुसतं पान बनवल्याने लेख शोधात वर येईल, असं धरून चालू नका. पान वाचकासाठी करायचं.

याचा खर्च आहे तो निगराणीचा. लेखकाने नोकरी बदलली, दवाखाना हलवला, की पान जुनं होतं, आणि जुनी माहिती चुकीच्या माहितीइतकीच त्रास देते. दर सहा महिन्यांनी लेखकांना विचारून घ्या. शिवाय घरचा पत्ता, मोबाइल नंबर कधीच नको. लिहिणाऱ्या बायकांना याचा किती मनस्ताप होतो, ते मी जवळून पाहिलंय. संपर्कासाठी संपादकांचा ईमेल पुरे.

सगळ्यांची पानं एकदम करायची गरज नाही. आरोग्य, पैसा आणि कायदा यांवर लिहिणाऱ्यांची आधी करा, बाकीच्यांना दोन ओळी राहू द्या. आणि औषधाविषयी लिहून स्वतःचं नाव द्यायला लेखक तयार नसेल, तर तो लेख प्रसिद्धच करू नका.