धरणातल्या मासेमारीला लाइफ जॅकेट कोणतं: फोमचं की फुगणारं?
तापोळ्याकडच्या भाच्याने विचारलंय, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात जाळं टाकायला फोमचं जॅकेट घेऊ की गॅसच्या नळकांडीने फुगणारं?

पैशाला फोमचंच परवडतं. दुसरं एकदा फुगलं की नवी नळकांडी आलीच.

सोयीला मात्र फुगणारं सरस. फोमच्यात उकडतं, जाळं ओढताना बक्कल दोऱ्यात अडकतं; मग गडी ते काढतो आणि वर त्यावरच बसतो! सारखं दबून फोमची तरंगण्याची ताकद कमी होते. पण फुगणाऱ्याला गळ लागला तर संपलंच. हाताने दोरी ओढून फुगवायचं असेल, तर डोक्याला मार लागलेला माणूस ती ओढणार कशी?

लहान होडीतून एकट्याने जाणाऱ्याने फोमचंच घ्यावं, मांडीखालून पट्टा असलेलं. फुगणारं घ्यावं ते सोबती असलेल्याने, नळकांडी नेमाने तपासणाऱ्याने.