लेकीच्या शाळेतली गाईड कंपनी: एका वर्षानंतरचा अभिप्राय

मी कराडात ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. जून महिन्यात दुकानात बसायलाही जागा नसते, आणि मापं देता देता सगळ्या आयांचा एकच प्रश्न असतो, "तुमची मोठी शाळेत आणखी कशाकशात आहे? कशात घालू हिला?" दरवर्षी प्रत्येकीला तोंडी सांगते. यंदा लिहूनच काढते. लेक आठवीत गेली तेव्हा गाईडमध्ये, म्हणजे मुलींच्या स्काऊटमध्ये, गेली, त्याला आता वर्ष पूर्ण झालं. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे आणि तिथल्या बाईंना त्याचा त्रास व्हायला नको. पाचपैकी किती म्हणाल तर मी साडेचार देईन.

शाळेत तसं बरंच काही आहे. विज्ञान मंडळ आहे, पण ते विज्ञान प्रदर्शनाच्या आधी पंधरा दिवस जागं होतं. हरित सेना पावसाळ्यात झाडं लावते आणि ती उन्हाळ्यात जगवतेसुद्धा, त्याबद्दल त्या सरांना मानलं पाहिजे. आरएसपीची, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकाची, मुलं शाळा सुटताना फाटकावर उभी राहून रहदारी थांबवतात, ते काम चोख असतं. चित्रकलेच्या सरांकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी फार मनापासून होते. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढून मिळतात, त्यामुळे तिथे गर्दीही असते. शाळा सुटल्यावर बाहेरचे लोक येऊन रोबोटिक्सचा वर्ग घेतात, त्याचे वर्षाला 9,000 रुपये. आम्ही एक दिवस बसून पाहिलं. बारा मुलांत दोन संच होते. दोघं जोडत होती आणि दहा बघत होती. लेक बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मला हात लावायला मिळणार असेल तिथे घाल." म्हणून गाईड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुलांचं ते स्काऊट, मुलींचं ते गाईड. आमच्या शाळेच्या कंपनीत, म्हणजे गाईडच्या तुकडीत, 24 मुली आहेत, सहा-सहांचे चार संघ. संघांना फुलांची नावं, आमची मोगरा संघात. प्रत्येक संघाची नायिका मुलींमधलीच, आणि काय करायचं, कधी करायचं हे नायिका आणि बाई एकत्र बसून ठरवतात, त्या बैठकीला मानसभा म्हणतात. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार, अशा पायऱ्या. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटली की एक तास कंपनी भरते. एकमेकींना भेटताना डावा हात मिळवतात. पहिल्या आठवड्यात लेकीने आजीशीही डाव्या हाताने हात मिळवला आणि आजी रागावल्या. मग तिने समजावून सांगितलं की डावा हात काळजाच्या बाजूचा. तेव्हा त्यांना पटलं.

प्रवेशाच्या तयारीसाठी ती माझ्या मशीनशेजारी बसून पाठ करायची, त्यामुळे निम्मं मलाच पाठ झालं. 1907 मध्ये इंग्लंडात ब्राऊन्सी बेटावर या चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. 1909 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्याला मुली आपणहून हजर झाल्या, आम्हालाही घ्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. आपल्याकडे पहिली कंपनी 1911 मध्ये जबलपूरला निघाली. आज आहे ती भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 ची. मला त्यातलं क्रिस्टल पॅलेसचं फार आवडलं. कुणी बोलावलं नव्हतं तरी पोरी गेल्या.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे गणवेशाकडे. शाळेने सुरुवातीला एका दुकानाचा तयार गणवेश दाखवला. मी उलटा करून पाहिला. शिवणीला आत माया, म्हणजे पुढे उसवून वाढवायला जादा कापड, सोडलेलीच नव्हती, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी सहा महिन्यांत केवढी वाढते! बगलेची शिवण एकदाच मारलेली. मी बाईंना भेटले आणि म्हटलं, कापड तुम्ही सांगाल तेच घेते, पण शिवू द्या. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारून होकार आणला. आकाशी रंगाचे 24 गणवेश शिवले, प्रत्येकाला बाजूंना दीड इंच माया आणि खाली तीन इंच दुमड ठेवली. दोन वर्षं सहज जातील.

खरी परीक्षा स्कार्फची होती. दिसायला नुसता त्रिकोणी रुमाल. मी दोन बाजू 75 सेंटीमीटरच्या धरल्या. 36 इंच पन्ह्याचं कापड घेतलं की एका चौकोनात दोन स्कार्फ निघतात, म्हणजे 24 मुलींना बारा चौकोन, साडेनऊ मीटरमध्ये काम झालं. पण चौकोन कोनातून कापला की जी लांब बाजू तयार होते ती पूर्ण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, असते. उरेब कापड मशीनच्या पायाखाली जरा ओढलं गेलं की लांबतं आणि काठ लाटांसारखा उठतो. पहिले दोन स्कार्फ मी उसवून पुन्हा केले. नंतर लांब काठाची दुमड आधी हाताने कच्ची टाचली, इस्त्री फिरवली, आणि मग कापड न ओढता शिवलं. तेव्हा कुठे गुंडाळल्यावर गळ्यात सरळ बसला. हे सगळं सांगते कारण स्कार्फ नुसता मिरवायचा नाही. तो उघडला की त्याची हाताला झोळी होते, गुडघ्याला पट्टी होते, डोक्याला बांधता येतो. कडा उठलेला स्कार्फ झोळीला घेतला तर हात नीट तोलून धरत नाही.

लेकीने पहिल्या महिन्यात सपाट गाठ शिकली, गाईडमध्ये तिला रीफ नॉट म्हणतात. डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं तर गाठ दिसते तशीच, पण ओढ बसली की सरकते. फरक ओळखायचा कसा, तर टोकं बघायची. बरोबर गाठीची टोकं दोरीला धरून पडतात, चुकलेल्या गाठीची आडवी उभी राहतात. मी 22 वर्षं गाठोडी बांधते आहे आणि इतकी वर्षं माझी निम्मी गाठोडी चुकीच्या गाठीने बांधलेली होती. स्कूटरवर ब्लाऊजचं गाठोडं नेताना वाटेत सैल का व्हायचं ते आत्ता कळलं. झोळीला हीच गाठ का, तर ती चपटी बसते, अंगाला टोचत नाही. आणि ती मानेच्या मणक्यावर घ्यायची नाही, बाजूच्या खळगीत घ्यायची.

श्रावणात शेजारचा मुलगा गच्चीच्या पायरीवरून घसरला आणि मनगटावर पडला. त्याची आई घाबरून त्याचा हात चोळायला निघाली होती. लेकीने "काकू, हलवू नका" म्हणून तिला थांबवलं, वहीचा पुठ्ठा खाली घालून हात बांधला, स्कार्फची झोळी केली, मग रिक्षा बोलावली. हाड मोडलं नव्हतं, चिरलं होतं. डॉक्टरांनी बांधणं सोडताना कुणी बांधलं हे विचारलं. मी शिवलेल्या स्कार्फच्या लांब काठाकडे बघत मी तिथे उभी होते. एक लाट उठली नव्हती.

डिसेंबरात "खरी कमाई" हा उपक्रम झाला. संघाने स्वतः काहीतरी करून पैसे मिळवायचे आणि ते कंपनीच्या कामाला वापरायचे. मोगरा संघाने भेळ आणि कोकम सरबत ठरवलं. सहाजणींनी शंभर-शंभर काढले. भेळ 15 रुपये, सरबत 10. भेळेच्या 49 प्लेट आणि सरबताचे 28 ग्लास गेले, एकूण 1,015. खर्च 580, शिल्लक 435. हिशेबाची वही लेकीकडे होती, ती मी मुद्दाम पाहिली. रोख 985 आणि त्याखाली "येणे 30, पाचवीच्या दोघी, सोमवारी". मी म्हटलं, अगं लहान पोरी आहेत, सोडून दे. तर म्हणाली, "सोडायचे का ते संघाने ठरवायचं, मी एकटीने कसं ठरवू?" सोमवारी दोघींनी पैसे आणून दिले. त्या 435 मधून संघाने जाड दोर आणि प्रथमोपचाराची पेटी भरायचं सामान घेतलं.

जानेवारीत जखिणवाडीला आगाशिवच्या लेण्यांपर्यंत चाल झाली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुक्कामी शिबिर. लेणी आपल्या एवढी जवळ, पण माझी लेक तोवर गेलीच नव्हती. वाटेवर पुढच्या संघाने खडूने आणि दगडांनी खुणा केलेल्या आणि मागच्यांनी त्या वाचत यायचं. शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. निखाऱ्यात वांगी आणि बटाटे भाजले, कणकेच्या वळ्या काठीला गुंडाळून शेकल्या. वांग्याचं भरीत पळसाच्या पानावर कालवलं. थोडं कच्चं राहिलं होतं, पण मला डब्यात आणलं होतं आणि मी सगळं संपवलं. काठ्या दोराने बांधून चपला ठेवायची मांडणी केली होती, तसलीच एक आता माझ्या दुकानात दाराशी आहे आणि त्यावर मी कापडाचे रीळ ठेवते.

आता तक्रारी. एक म्हणजे दुसऱ्या सत्रात शनिवारचा तास वारंवार गणिताच्या जादा तासाला दिला गेला. फेब्रुवारीत कंपनी एकदाच भरली. गणित लागतंच, पण आठवड्यातला एकच तास काढून घ्यायचा तर दुसरा तरी द्यावा. दुसरी तक्रार निरोपांची. "उद्या खडू, दोर आणि दोन किलो लाकडं आणा" असा निरोप रात्री साडेनऊला मोबाईलवर येतो. ज्यांच्या घरी लाकूड नाही त्यांनी कुठून आणायचं? तिसरी शिबिराची. 24 मुलींना मुक्कामी ठेवलं आणि स्वच्छतागृह दोनच उघडी होती, त्यातल्या एकात पाणी नव्हतं. हे मी पालकसभेत सांगितलं आहे आणि पुन्हा सांगणार आहे. मुली पाणी प्यायचं टाळत होत्या, ते बरोबर नाही.

आणि बाईंचं. गाईड कॅप्टन म्हणून त्या एकट्याच सगळं बघतात, आणि त्यांचे वर्गावरचे तास मात्र तेवढेच. शिबिराच्या रात्री त्या जागून दुसऱ्या दिवशी आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होत्या, मी स्वतः पाहिलं. अर्धा गुण मी यासाठीच कापला आहे. बाईंचा नाही, शाळेचा. एक सहायक दिला तर ही कंपनी कितीतरी पुढे जाईल.

कुणासाठी नाही हे? ज्यांना दर महिन्याला प्रमाणपत्र हवं आहे त्यांच्यासाठी नाही. सोपान वेळ घेतात, एकेक चाचणी द्यावी लागते. आणि पोरीचे हात-पाय मळलेले चालणार नसतील तरीही नको. खर्च म्हणाल तर गणवेश शिलाईसह 720, शिबिराचे 350 आणि खरी कमाईचे 100, तेही परत आले. बुजऱ्या मुलींना तर मी आधी घालायला सांगेन. मोगरा संघातली एक मुलगी जूनमध्ये मापं देतानाही आईच्या मागे लपत होती. शिबिराच्या शेकोटीला तिने संघाची नायिका म्हणून सगळ्यांची हजेरी घेतली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता.

प्रवेश घेताना शाळेला तीन गोष्टी विचारा: तास कोणत्या वारी आणि तो वर्षभर राखला जातो का, शिबिराला पाणी-स्वच्छतागृहाची सोय काय, आणि गणवेश बाहेर शिवला तर चालतो का. आमच्या शाळेत चालतो.

माझं दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं. लेक शाळेतून येते, मी बाजारात गेलेली असले तर उंबऱ्यावर खडूने एक वर्तुळ काढते आणि मधोमध एक टिंब. गाईडच्या वाटेवरच्या खुणांत त्याचा अर्थ "मी घरी गेले". काल पुसायला फडकं घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. यंदाच्या नव्या मुलींच्या स्कार्फचं कापड आणून ठेवलंय, दहा मीटर. मापं द्यायला रविवार सोडून कधीही या.