घरपोच ड्रेसिंग सेवा, लालबाग: पाचपैकी चार तारे

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. 22 वर्षांचा मधुमेह. पाय इतके बधिर की चप्पल कुठे निसटली ते घरी आल्यावर कळतं. जुलैत तुंबलेल्या पाण्यातून चालत आले, करंगळीजवळ खरचटलं. दोन दिवसांनी पाऊल लाल. ओळखीच्या डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो बघून गोळ्या सांगितल्या, रोज ड्रेसिंग करून घ्या म्हणाले. या सेवेला रविवारी चारदा फोन केला, उचलला नाही. एक तारा तिथेच कापला.

सोमवारी अकराला सिस्टर आल्या. चाळीचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, धाप लागलेली. तरी पाणी नको म्हणाल्या, आधी पाय बघितला. लाली घोट्यापर्यंतच होती, पण अण्णा पार पोटरीला हात लावू देईनात. "ताई, ज्या पायाला चप्पल गेलेली कळत नाही, तो एवढा दुखतोय. मला हे बरं दिसत नाही." बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. नाडी 124, साखर 412. ताप नाही, म्हणून मी जरा निवांत होते. त्या म्हणाल्या, साखरवाल्यांना, किडनीवाल्यांना ताप येतोच असं नाही.

टॅक्सी मिळून, अण्णांना खुर्चीत बसवून खाली उतरवेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात लाली रेघेबाहेर दोन बोटं सरकलेली, मधे जांभळट डाग. सिस्टरनी चिठ्ठीवर लिहून दिलं: 'नेक्रोटायझिंग फॅसायटिस? सर्जनला बोलवा.' वर बजावलं, एक्स-रेत कातडीखाली हवा दिसली नाही तरी हा आजार असू शकतो, तेवढ्यावरून घरी परत आणू नका.

केईएमला त्याच रात्री ऑपरेशन झालं. नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणजे जंतुसंसर्गाने कातडीखालचा थर सडत जातो, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो, मग नुसतं सलाइनमधून दिलेलं औषध पोचणार कसं; म्हणून कापून काढावंच लागतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटरमध्ये नेलं. दोन बोटं गेली, पाय राहिला.

बिल आलं: 'ड्रेसिंग, 1 नग, 600 रुपये.' त्या दिवशी बाईंनी कापसाचं पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं. मी मुकाट्याने भरले. आता एक दिवसाआड येतात, अण्णांना चपलेवरून ओरडतात. रविवारी फोन अजूनही लागत नाही.